मळी किती, यंत्र केवढे?

काही महिन्यांपूर्वी बदलापूरला विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात 'फेस आणि बुडबुडे' या विषयावर बोलायला गेलो होतो. शेवटी प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्या. त्यातल्या दोन चिठ्ठ्या मी जपून ठेवल्या आहेत.

पहिली उल्हासनगरच्या एका शिक्षकांची होती. त्यांचा एक माजी विद्यार्थी आपल्या दुकानात समुद्री माशांसाठी, प्रवाळखडकाच्या धर्तीची मोठी काचेची टाकी बांधत होता. खडक आणि वाळू वजा जाता तिच्यात २००० लिटर खारे पाणी मावणार होते. अशा टाकीतली घाण फेसावाटे बाहेर काढणारे एक यंत्र मिळते, त्याला प्रोटीन स्किमर म्हणतात. एका विक्रेत्याने '२००० लिटरपर्यंत' असे छापलेले यंत्र दाखवले, दुसरा म्हणाला, 'दुप्पट क्षमतेचेच घ्या, निर्धास्त राहाल.' कोणाचे ऐकावे?

दुसरी चिठ्ठी अंबरनाथच्या बाईंची होती. 'आमच्या मुलांना वालधुनीवर फेस दिसतो. असे यंत्र नदीवर बसवले तर ती स्वच्छ होईल का, असे ती विचारतात. काय सांगू?'

पहिल्या प्रश्नाला मी चटकन उत्तर दिले, 'शंका असेल तर मोठेच घ्यावे.' दुसऱ्यावर थोडे हसून वेळ मारून नेली. परतीच्या लोकलमध्ये चिठ्ठीच्या पाठीवर हिशेब मांडू लागलो, तेव्हा कळले की पहिले उत्तर चुकले आहे आणि दुसऱ्या प्रश्नाला हसण्यासारखे काही नव्हते. दोन्ही प्रश्न खरे म्हणजे एकच आहेत. हा लेख म्हणजे त्या दिवशी न दिलेले उत्तर आहे.

गुऱ्हाळातली मळी

गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत उकळू लागला की वर मळी येते. ती झाऱ्याने सतत काढून टाकावी लागते, नाहीतर गूळ काळपट होतो. वरण शिजताना डाळीवर येणारा फेसही आपण पळीने काढतो. स्किमर हे यंत्र हेच काम करते. फरक एवढाच की टाकीतले पाणी उकळत नाही, म्हणून त्यात हवेचे बारीक बुडबुडे सोडावे लागतात.

मळी वरच का येते? प्रथिनांचे, साबणाचे किंवा रिठ्यातील सॅपोनिनचे रेणू दुहेरी स्वभावाचे असतात. त्यांच्या एका भागाला पाणी आवडते, दुसऱ्याला नको असते. पाण्यात सोडलेला असा रेणू जिथे पाणी संपते आणि हवा सुरू होते, त्या सीमेवर जाऊन बसतो. पाणी आवडणारा भाग पाण्यात, नावडणारा भाग हवेत. अशा पदार्थांना पृष्ठसक्रिय पदार्थ म्हणतात. प्रत्येक बुडबुडा ही पाण्यात बुडालेली अशी एक सीमाच असते. तो वर चढताना वाटेत भेटलेले पृष्ठसक्रिय रेणू, त्यांना चिकटलेले कण आणि काही जीवाणूही बरोबर घेतो. वर बुडबुड्यांचा फेस होतो, तो अरुंद गळ्यातून चढून कपात पडतो आणि मागे थोडे स्वच्छ पाणी राहते.

माशांच्या टाकीत हे पदार्थ येतात ते न खाल्लेल्या अन्नातून, विष्ठेतून आणि मासे व शेवाळ सोडतात त्या बुळबुळीत द्रवातून. ते वेळीच काढले तर जीवाणूंनी कुजवण्याआधीच पाण्याबाहेर जातात. स्किमरचे खरे मोल हे आहे.

वर्गात करून पाहा

दोन उंच बरण्या घ्या. एकीत साधे पाणी, दुसरीत लिटरला ३५ ग्रॅम मीठ घातलेले पाणी. मत्स्यालयाच्या छोट्या पंपाला सच्छिद्र दगड जोडून आधी एका, मग दुसऱ्या बरणीत हवा सोडा. साध्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि पटापट वर जातात. खाऱ्या पाण्यात ते बारीकच राहतात आणि पाणी दुधाळ दिसते. मिठासारखे अनेक क्षार बुडबुड्यांना एकत्र होऊ देत नाहीत. काही क्षारांचा मात्र असा परिणाम होत नाही, हे क्रेग, निनहॅम आणि पॅशली या शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले. स्किमर समुद्री टाकीत चांगला चालतो आणि गोड्या पाण्याच्या छोट्या टाकीत जेमतेम चालतो, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

आता दुसरा प्रयोग. लिटरभर मिठाच्या पाण्यात चमचाभर अंड्याचा पांढरा बलक मिसळून फडक्याने गाळा. त्यात हवा सोडा आणि वर आलेला फेस वाटीत काढून जिरू द्या. एका परीक्षानळीत फेसाचे हे पाणी, दुसरीत बरणीतले उरलेले पाणी घ्या. दोन्हींत कॉस्टिक सोड्याचे द्रावण आणि मोरचुदाच्या द्रावणाचे दोन थेंब टाका. फेसाच्या पाण्याचा जांभळा रंग अधिक गडद दिसेल. प्रथिने फेसात गोळा झाली, याचा हा पुरावा. कॉस्टिक सोडा शिक्षकांनीच हाताळावा.

बुडबुड्याचा हिशेब

समजा, १ लिटर हवेचे सारख्या आकाराचे बुडबुडे केले. त्यांचे एकूण पृष्ठफळ किती? गोलाचे पृष्ठफळ भागिले घनफळ म्हणजे ६ भागिले व्यास, हे नववीच्या मुलांना काढता येते. व्यास ५ मि.मी. असेल तर १.२ चौरस मीटर, १ मि.मी. असेल तर ६ चौरस मीटर आणि अर्धा मि.मी. असेल तर १२ चौरस मीटर. हवा तेवढीच, पण जागा दहापट.

या जागेवर किती माल बसतो? प्रथिनांचा थर पूर्ण भरला तर चौरस मीटरवर साधारण १ ते ३ मिलिग्रॅम मावतात. पण टाकीतले पाणी अंड्याच्या पाण्यासारखे दाट नसते. त्यात असे पदार्थ लिटरला १ मिलिग्रॅमच्या आसपास आहेत असे धरू. अर्ध्या मि.मी.चा बुडबुडा सेकंदाला सुमारे ५ सें.मी. वेगाने चढतो. अर्धा मीटर उंचीच्या नळीत त्याला १० सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात नुसत्या विसरणाने त्याच्यापर्यंत पोचणारा माल काढला, तर तो चौरस मीटरला अवघा ०.०३५ मिलिग्रॅम भरतो. म्हणजे बुडबुडा बहुतेक रिकामाच वर येतो. १ लिटर हवेमागे साधारण ०.४ मिलिग्रॅम. शिवाय फेस गळ्यातून चढताना त्यातले पाणी निथळून परत खाली येते आणि बराच माल बरोबर नेते. पाचवा हिस्सा कपात पोचला असे धरले, तर लिटरभर हवेमागे हाती लागतात ०.०८ मिलिग्रॅम.

हा आकडा ढोबळ आहे. यंत्रातल्या खळखळाटाने तो वाढेल, फेस पातळ असेल तर घटेल. पण त्याने हिशेबाचे एक टोक हाती आले. दुसरे टोक माशांच्या ताटात आहे.

टाकी किती लिटरची, की मासे किती खातात?

आपल्या टाकीत दिवसाला २० ग्रॅम कोरडे खाद्य पडते असे समजू. त्यातले पाव, म्हणजे ५ ग्रॅम, न पचता पाण्यात येते. त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे दीड ग्रॅम, फेसाबरोबर जाण्याजोगा आहे असे धरू. रोज दीड ग्रॅम, म्हणजे १५०० मिलिग्रॅम, काढायचे. लिटरभर हवा ०.०८ मिलिग्रॅम काढते. म्हणजे दिवसाला सुमारे १९,००० लिटर, तासाला ८०० लिटर हवा लागेल.

आता खाद्य बदलून पाहा. टाकी तीच, पाणी तेच २००० लिटर. थोडे मासे आणि रोज १० ग्रॅम खाद्य असेल तर तासाला ४०० लिटर हवा पुरेल. गिऱ्हाइकांना दाखवायला भरपूर मासे ठेवले आणि रोज ६० ग्रॅम खाद्य पडू लागले, तर पाणी तितकेच स्वच्छ ठेवायला २४०० लिटर हवा लागेल. एकाच टाकीसाठी सहापट फरक! मग डब्यावरच्या '२००० लिटरपर्यंत' या शब्दांना काय अर्थ उरला? ते यंत्र टाकीचे माप सांगते, कामाचे सांगत नाही. गुऱ्हाळात झारा केवढा हवा हे काहिलीच्या आकारावर ठरत नाही, मळी किती येते यावर ठरते.

बुडबुड्याच्या आकाराचा परिणामही पाहण्यासारखा आहे. यंत्राने अर्ध्याऐवजी एक मि.मी.चे बुडबुडे केले तर पृष्ठफळ निम्मे होते. शिवाय मोठा बुडबुडा दुप्पट वेगाने चढतो, म्हणून त्याला गोळा करायला वेळही निम्माच मिळतो. दोन्ही मिळून तेवढ्याच कामाला जवळजवळ तिप्पट हवा लागते. विक्रेत्याला 'किती लिटरच्या टाकीसाठी?' असे विचारण्याऐवजी 'तासाला किती हवा ओढते आणि बुडबुडे किती बारीक करते?' हे विचारावे.

हवा मोजायला महागडे उपकरण नको. एका मोठ्या प्लॅस्टिक पिशवीत आधी १० लिटर पाणी ओतून कोठपर्यंत भरते याची खूण करा. मग ती कोरडी करून खुणेपर्यंत हवेने भरा आणि तिचे तोंड यंत्राच्या हवा ओढणाऱ्या नळीवर घट्ट बांधा. पिशवी ४५ सेकंदांत चपटी झाली तर यंत्र तासाला ८०० लिटर हवा ओढते.

'एका तासात सगळे पाणी गाळले जाते' हे खरे का?

यंत्राचा पंप तासाला २००० लिटर पाणी फिरवत असेल, तर तासाभरात सगळी टाकी यंत्रातून गेली असे आपल्याला वाटते. पण बाहेर आलेले पाणी पुन्हा त्याच टाकीत मिसळते.

हे मुलांना खेळातून दाखवता येते. डब्यात १०० चिठ्ठ्या टाका. डोळे मिटून एक काढा, खूण करा, परत टाका, हलवा. असे १०० वेळा केल्यावर मोजा. सुमारे ६३ चिठ्ठ्यांवर खुणा असतील आणि ३७ चिठ्ठ्यांना कोणाचा हात लागलेला नसेल. ३०० वेळा केले तरी सरासरी पाच उरतातच. पाण्याचेही असेच होते. म्हणून स्किमर दिवसरात्र चालू ठेवावा लागतो आणि 'टाकी एकदा फिरली' म्हणजे ती स्वच्छ झाली असे नव्हे.

दुप्पट घेतले तर बिघडले कोठे?

माझी चूक येथे होती. फेसाला गळ्यातून वर चढायचे तर तो टिकला पाहिजे, आणि फेस टिकतो तो त्याच्या पापुद्र्यात बसलेल्या रेणूंमुळे. साध्या पाण्याचा फेस का होत नाही, हे आठवा. यंत्र दुप्पट मोठे घेतले की त्याचा गळाही रुंद होतो. १० सें.मी.ऐवजी २० सें.मी. व्यासाचा गळा म्हणजे चौपट क्षेत्रफळ. रोजची मळी मात्र तेवढीच. ती चौपट जागेवर पसरते, फेस अर्ध्या वाटेत फुटतो आणि गोळा केलेला माल पुन्हा पाण्यात पडतो. चार दिवस कप कोरडा राहतो, मग टाकीत घाण साठल्यावर एकदम उसळतो. मालकाला वाटते, यंत्र बिघडले. खरे म्हणजे ते उपाशी असते.

म्हणून त्या दुकानदाराला आज मी असे सांगेन: आधी तराजूवर रोजचे खाद्य मोजा. पुढे किती मासे ठेवणार, ते ठरवा. त्यावरून हवेचा अंदाज काढा आणि त्याच्या सव्वापट-दीडपट हवा ओढणारे, बारीक बुडबुड्यांचे, उंच नळीचे यंत्र घ्या. गळा रुंद असावा असा आग्रह धरू नका.

स्किमरला जे जमत नाही

योग्य यंत्र घेतले तरी एक गोष्ट उरतेच. २० ग्रॅम खाद्यात ४५ टक्के प्रथिने असतील तर ती ९ ग्रॅम होतात. त्यात सुमारे १.४ ग्रॅम नायट्रोजन असतो. मासे त्यातला पाव ते एकतृतीयांश भाग शरीरात ठेवतात. उरलेला सुमारे १ ग्रॅम पाण्यात येतो, त्यातला बहुतेक कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात. अमोनिया पृष्ठसक्रिय नाही, तो बुडबुड्याकडे फिरकतही नाही. जीवाणू त्याचे नायट्रेट करतात, तेही फेसात येत नाही. १ ग्रॅम नायट्रोजनचे ४.४ ग्रॅम नायट्रेट होते. २००० लिटरमध्ये रोज लिटरला २.२ मिलिग्रॅम आणि महिन्याला ६६ मिलिग्रॅम. प्रवाळासारख्या नाजूक जीवांना हे फार झाले. त्यासाठी पाणी बदलणे, शेवाळ वाढवून ते काढणे, असे दुसरे मार्ग लागतात.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी स्किमरांची पद्धतशीर मोजणी करून निष्कर्ष २००९ पासून प्रसिद्ध केले. पाण्यातल्या मोजता येणाऱ्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी स्किमरांनी काढला तो जेमतेम पाचवा ते तिसरा हिस्सा. बाकीचा त्यांच्या आवाक्यातलाच नव्हता.

टाकीत काय ठेवायचे, याबद्दलही एक शब्द. खडक बांधणारे प्रवाळ २००१ पासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण, ते त्यांना. आपल्या समुद्रातून ते तोडून आणणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. शोभेसाठी कृत्रिम खडक मिळतात, त्यावर भागवावे.

आता वालधुनी

अंबरनाथच्या मुलांचा प्रश्न आता नीट पाहता येईल. वालधुनी शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० च्या शिवमंदिराजवळून वाहते, उल्हासनगरातून जाते आणि कल्याणजवळ उल्हासला मिळते. वाटेत सांडपाणी, साबण आणि धुण्याच्या पावडरी तिच्यात येतात. पाणी बांधावरून किंवा पाइपातून पडले की हवा कोंडली जाते आणि फेस होतो. म्हणजे नदी स्वतःच एक ओबडधोबड स्किमर चालवते आहे. फक्त तिला कप नाही.

मग कप लावला तर? पहिली अडचण, तिचे पाणी समुद्राइतके खारे नाही, त्यामुळे बुडबुडे मोठे राहतात. दुसरी अधिक महत्त्वाची. फेस गेला म्हणजे विष गेले असे नाही. आम्ल, जड धातूंचे क्षार, अमोनिया यांचा फेस होत नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात उल्हासनगरात वालधुनीत सोडलेल्या रसायनांमधून निघालेल्या वायूने शेकडो लोकांना त्रास झाला, अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. त्या रात्री नदीवर फेस होता की नव्हता, याने काहीही फरक पडला नसता.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे आपला दुकानातलाच धडा. सांडपाणी शुद्धीकरण केंद्राची क्षमता सांगताना आपण 'दिवसाला इतके दशलक्ष लिटर' असे सांगतो. पण एका दशलक्ष लिटरमध्ये काम किती? जीवाणूंना त्यातले सेंद्रिय पदार्थ फस्त करायला लिटरमागे ३०० मिलिग्रॅम ऑक्सिजन लागत असेल, तर दिवसाला ३०० किलो ऑक्सिजन पुरवावा लागेल. तेवढ्याच पाण्यात कारखान्याचे दाट सांडपाणी येऊन हा आकडा १५०० झाला, तर १५०० किलो. लिटर तेच, काम पाचपट. केंद्र कागदावर पुरेसे दिसते आणि नदी मात्र काळी राहते. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचे प्रकरण 'वनशक्ती' या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादापुढे नेले आणि २०१५ मध्ये त्यावर निकालही झाला. अशा बातम्या वाचताना 'किती लिटर?' याबरोबर 'किती किलो?' हे विचारायची सवय आपल्या मुलांना लागली, तर विज्ञानाचा तास सत्कारणी लागला असे मी म्हणेन.

शेवटी कपाविषयी. स्किमर काहीही नष्ट करत नाही. तो घाण एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवतो. तो खारट, तपकिरी, दुर्गंधी कप रोज कोठेतरी रिकामा करावाच लागतो. झाडाला घातला तर मिठाने झाड मरेल. दुकानामागच्या उघड्या गटारात ओतला, तर त्या गटाराची वाट बहुधा वालधुनीकडेच जाते. मलनिःसारण वाहिनीला जोडलेल्या संडासात ओतणे त्यातल्या त्यात बरे, आणि सर्वांत बरे म्हणजे माशांना मोजून खायला घालणे, म्हणजे कपच लहान राहील.

अंबरनाथच्या बाईंना मी हे सगळे कळवले आहे. मुलांना एवढेच सांगा, असे लिहिले: नदीवर बसवायचे यंत्र नदीवर नाही, जिथून घाण निघते तिथे बसवायचे असते. आणि ते केवढे हवे, हे विचारण्याआधी मळी किती, ते मोजायचे असते.